पाच रुपयांची काळी ओ-रिंग की साठ रुपयांची तपकिरी?

खटारावाला
नमस्कार मंडळी,

बाबांची १९९९ सालची मोटरसायकल आहे, शंभर सीसीची. रविवारी कार्ब्युरेटर उतरवून साफ करायला घेतला. खालची वाटी, म्हणजे फ्लोट चेंबर, उघडली. तिच्या खाचेत काळी ओ-रिंग (गळती थांबवणारं रबराचं गोल कडं) गपगुमान बसलेली होती. बाहेर काढली, वाटी धुतली, रिंग परत बसवायला गेलो तर बसेना! एका बाजूने दाबली की दुसऱ्या बाजूने शेवईसारखी उचलून येते. खाचेला पुरून वर चांगली बोटभर उरतेय. जी रिंग पाच मिनिटांपूर्वी त्याच खाचेतून काढली, ती आता मोठी कशी झाली?

कोपऱ्यावरचा मेकॅनिक म्हणाला, "पेट्रोलमधलं इथेनॉल, दुसरं काय." स्पेअरच्या दुकानात गेलो तर दुकानदाराने काउंटरवर दोन रिंगा टाकल्या. "काळी नायट्राईल, पाच रुपये. तपकिरी व्हायटॉन, साठ. बोला."

प्रश्न साठ रुपयांचा नाही. प्रश्न असा की नायट्राईल पेट्रोलला चालतं म्हणूनच वापरतात ना? मग फुगलं का? आणि बाबांना काय सांगू? ते म्हणतायत, "पंचवीस वर्षं काळीच होती, तेव्हा नाही फुगली ती."

जाणकार प्रकाश टाकतीलच.

निवांत
साठ रुपये द्या आणि धागा बंद करा.

चहाबाज
साठ रुपयांत पेट्रोल अर्धा लिटरच्या वर फारसं येत नाही. रिंग निदान उडून तरी जात नाही.

गंधक_आणि_काजळी
भोसरीत बावीस वर्षं रबर मोल्डिंग करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर खाली सरका.

आधी साधी गोष्ट. "समानशीलव्यसनेषु सख्यम्" हा रबराचा पहिला नियम आहे. नैसर्गिक रबर हायड्रोकार्बन, पेट्रोलही हायड्रोकार्बन. दोघांचा स्वभाव जुळतो, त्यामुळे पेट्रोल रबरात शिरून मुरतं आणि रबर फुगतं. सायकलच्या दुकानात मिळणारं रबर सोल्युशन म्हणजे हेच टोकाला नेलेलं: कच्चं रबर पेट्रोलसारख्या द्रावकात विरघळवलेलं.

नायट्राईलमध्ये ब्युटाडाईनच्या साखळीत ॲक्रिलोनायट्राईल गुंफलेलं असतं. हा दुसरा घटक ध्रुवीय, म्हणजे रेणूची एक बाजू किंचित धन, दुसरी किंचित ऋण; त्याचं तेल-पेट्रोलशी पटत नाही. हा जितका जास्त तितकं पेट्रोल कमी शोषलं जाणार. पण फुकट काही मिळत नाही, हा वाढला की रबर थंडीत लवकर ताठरतं. प्रमाण साधारण १८ ते ५० टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतं, बाजारातल्या नेहमीच्या ओ-रिंगा ३३-३४ च्या आसपासच्या. म्हणजे "नायट्राईल" हे आडनाव झालं. नाव काय ते विचारायला हवं. पाटील म्हटल्यावर कुठले पाटील विचारतोच ना आपण!

शिवाय रिंगेत नुसतं रबर नसतं. मिलवर, म्हणजे रबर मळायच्या यंत्रावर, कंपाउंड करताना काजळी पडते, झिंक ऑक्साईड, गंधक, आणि लवचिकपणा येण्यासाठी तेलकट प्लास्टिसायझर. पेट्रोल आत शिरतं ते फुगवतं, आणि बाहेर जाताना हा प्लास्टिसायझर खिशात घालून नेतं. म्हणून फुगलेली रिंग वाळली की नुसती पूर्ववत होत नाही, आधीपेक्षा आकसते आणि कडक होते.

राहिलं इथेनॉल. ते स्वतः ध्रुवीय. नुसत्या पेट्रोलला नायट्राईल बऱ्यापैकी दाराबाहेर ठेवतं. पण इथेनॉल मिसळलेलं असलं की घरातल्याच माणसाने आतून कडी काढून दिल्यासारखं होतं. गंमत अशी की नुसत्या पेट्रोलने जेवढं फुगतं, नुसत्या इथेनॉलने जेवढं फुगतं, त्या दोन्हींपेक्षा मिश्रणात जास्त फुगतं.

आणि ती खाचेत बसली होती कशी? खाचेत धातूने तिला चहूबाजूंनी दाबून धरलं होतं, वाढायला जागाच नव्हती. तुम्ही बाहेर काढली आणि तिने अंग मोकळं केलं.

खटारावाला, एक करा. ती रिंग फेकू नका. सावलीत वर्तमानपत्रावर एक-दोन दिवस पसरून ठेवा, मग परत खाचेत बसते का बघा. उत्तर त्यानंतर देतो.

निवांत
मी शब्द मागे घेतो. चालू द्या.

उसाचाफड
पंचवीस वर्षांची रिंग थकली आणि आळ आमच्या उसावर! (साखर कारखान्यात नोकरी, त्यामुळे पक्षपाती समजा.) वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर यायला लागलं २०२३ च्या फेब्रुवारीत, आणि त्याच वर्षीच्या एप्रिलपासून बनणाऱ्या गाड्यांत रबर-प्लास्टिकचे भाग त्याला टिकणारेच घालतात. जुन्या गाडीत रबराचे दोन-चार तुकडे बदलायचे, विषय संपला. पंचवीस वर्षांत टायर बदललाच ना?

चिकूचीबी
@उसाचाफड, टायर मी झिजवला म्हणून बदलला. रिंग मी झिजवली नाही. पंपावर मला कुणी विचारलं का, बाई तुझ्या गाडीतलं रबर कुठल्या सालचं?

उसाचाफड
हा मुद्दा मान्य आहे.

चहाबाज
या संस्थळावर "मान्य आहे" वाचून डोळे पाणावले. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

खिळेजुळारी
धाग्याने जुने दिवस आठवले. अप्पा बळवंत चौकाजवळ आमचा छापखाना होता. ऑफसेटची शाई तेलकट, त्यामुळे शाईचे रोलर आणि ब्लँकेटचा वरचा थर नायट्राईलचा. रोज संध्याकाळी चिंधी रॉकेलमध्ये बुडवून पुसायचो. हातांना तो वास रात्री जेवतानाही यायचा.

पुढे अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली वाळणाऱ्या शाया आल्या. एका गिऱ्हाईकाच्या घाईपायी आम्ही जुन्याच रोलरवर ती शाई चालवली. दोन-तीन दिवसांत रोलरच्या कडा फुगून घंटेसारख्या झाल्या, मधोमध छपाई फिकट, कडेला काळी. रोलरवाला आला, अंगठ्याने दाबून पाहिलं आणि म्हणाला, "मालक, ह्या शाईला ईपीडीएम लागतं, ते वेगळं रबर." मग ईपीडीएमचे घेतले. त्यावर एका पोऱ्याने साधी तेलाची शाई लावली. परत फुगले! म्हणजे ह्याला जे चालतं ते त्याला चालत नाही. सासू-सुनेचं बरं.

गंधक_आणि_काजळी
काका, दंडवत. कॉलेजात हेच शिकवायला आम्हाला एक सेमिस्टर लागलं होतं.

घाटावरचा_ड्रायव्हर
खिळेजुळारी काकांचा किस्सा वाचून आमचा सांगतो. उंब्रजच्या पुढे जीपचं ब्रेक ऑइल कमी झालं. सोबतच्या पाहुण्याने शहाणपणा केला, डिकीत इंजिन ऑइलचा डबा होता तो ओतला. "ऑइल ते ऑइल." पंधरा-वीस किलोमीटर काही नाही. मग पेडल दगडासारखं झालं, चाकं पकडली ती सोडेनात. ड्रमला हात लावला तर चटका. गॅरेजवाल्याने सिलिंडर खोलला तर आतली रबरी वाटी फुगून चिकटलेली, बोटाने हलेना. मास्टर सिलिंडरपासून नळ्यांपर्यंत सगळं बदलावं लागलं.

पाहुणे अजून येतात, गाडीला हात लावत नाहीत.

गंधक_आणि_काजळी
हेच ते. ब्रेक ऑइल नावाचंच ऑइल. डॉट ३, डॉट ४ हे ग्लायकॉलवर्गातलं द्रव आहे, त्याला ईपीडीएमच्या वाट्या लागतात. ईपीडीएमला खनिज तेल लागलं की वाट लागते. आणि उलट, ब्रेकमध्ये नायट्राईल घातलं तर ते ब्रेक फ्लुइडमध्ये बिघडतं. "कुठलं रबर चांगलं" हा प्रश्नच अर्धा आहे. कशात बुडवणार, किती गरम होणार, हलतं आहे की बसलेलं, हे सांगितल्याशिवाय आमच्यात कुणी उत्तर देत नाही. दिलं तर तो विक्रेता समजावा.

धारोष्ण
मी एकटीच गोठ्यातली दिसते इथे. आमच्याकडे संगमनेर भागात दूध काढायच्या यंत्रावर चार कप असतात, त्यांच्या आत रबराचं लायनर, म्हणजे अस्तर. तेही नायट्राईलचं असतं, असं यंत्राबरोबरच्या पुस्तकात वाचलं होतं. तेव्हा कोडं पडलेलं, दुधाला पेट्रोलचं रबर कशाला? आज कळलं: दुधात स्निग्धांश. फॅटला जे भाव देतात त्याच फॅटने रबर फुगतं.

२,५०० धारांनंतर लायनर बदला म्हणतात. माणसं बदलत नाहीत, कारण वरून चांगलं दिसतं. मी एकदा जुनं लायनर उभं चिरलं. आत बारीक भेगांचं जाळं, नखाने खरवडलं तर पिवळसर साय निघाली. त्यात जंतू बसतात, मग कास सुजून दगडी होते आणि आपण गाईला बोल लावतो.

चिकूचीबी
धारोष्णताई, हे वाचून अंगावर काटा आला. आजच आमच्या दूधवाल्याला गाठते.

सुगरण_पण_आळशी
गॅसच्या नळीचं काय मग? आमची भगवी नळी शेगडीच्या तोंडाशी कडक झालीय, वाकवली की पांढुरकी रेघ दिसते. नवरा म्हणतो, "जाड आहे, काही होत नाही."

गंधक_आणि_काजळी
नवऱ्याला धागा वाचायला द्या आणि नळी उद्याच बदला. एलपीजी म्हणजे प्रोपेन-ब्युटेन, पुन्हा हायड्रोकार्बन, म्हणून आतला थर नायट्राईलचा असतो. पण नायट्राईलची दुखरी नस म्हणजे ओझोन आणि ऊन. ताणलेल्या, वाकलेल्या जागी हवेतल्या ओझोनने आडव्या चिरा पडतात, म्हणून बाहेरून वेगळ्या रबराचं आवरण देतात. मध्ये तारेची जाळी असते. नळीवर तारीख आणि आयएस ९५७३ छापलेलं असतं ते पाहा. पाच वर्षं झाली की दिसायला कशीही असो, बदलायची. आणि कृपा करून काडी ओढून गळती शोधू नका, साबणाचा फेस लावा.

सुगरण_पण_आळशी
तारीख पुसली गेलीय. म्हणजे पाच वर्षं नक्की झाली. :(

पुस्तकी_किडा
रच्याकने, नायट्राईलला बुना-एन म्हणतात त्यातला एन म्हणजे नॅचरल ना? म्हणजे थोडं नैसर्गिक असतंच त्यात.

गोदावरीकाठ
नाही हो. एन नायट्राईलचा. बुना हा शब्द जर्मन: ब्युटाडाईनचा "बु" आणि सोडियमचं लॅटिन नाव नॅट्रियम, त्याचा "ना". सुरुवातीच्या बुनात ब्युटाडाईन जोडायला सोडियम वापरायचे. नायट्राईल रबर १९३० च्या सुमारास आय. जी. फार्बेन या जर्मन कंपनीच्या कोनराड आणि चुंकुर या रसायनज्ञांनी केलं. दूरच्या मळ्यांतल्या रबराच्या झाडांच्या चिकावर अवलंबून राहायला नको ही जर्मनीची घाई होती. पण नायट्राईलची मजा अशी की ते नुसती नक्कल म्हणून राहिलं नाही. तेलात टिकणं झाडाच्या चिकाला कधी जमलंच नव्हतं.

पुस्तकी_किडा
धन्यवाद. माझा आयडी बदलून मिळेल का?

बर्फाळ_पुणेकर
कॅनडातल्या एडमंटनहून. सगळे व्हायटॉनचे गोडवे गाणार हे दिसतंय, म्हणून आधीच मोडता घालतो. इथे जानेवारीत उणे तीसच्या खाली जातं. आमच्या प्लँटवर एका बाहेरच्या व्हॉल्व्हला कुणीतरी "भारीतलं टाका" म्हणून साधं व्हायटॉन टाकलं. उन्हाळाभर ठणठणीत. पहिल्या कडाक्याच्या थंडीत गळायला लागलं, कारण साधं व्हायटॉन उणे पंधरा-वीसलाच ताठरतं. काढून बघावं तर रिंग अखंड, नवीकोरी! गरम खोलीत आणली की परत मऊ. शेवटी थंडीसाठी बनवलेलं, कमी ॲक्रिलोनायट्राईलचं नायट्राईल घातलं. स्वस्तातलं.

उड्डाणानंतर लगेच नष्ट झालेल्या चॅलेंजर अवकाशयानाच्या बूस्टरमधल्या ओ-रिंगाही व्हायटॉनच्याच होत्या. २८ जानेवारी १९८६ ला फ्लोरिडात उड्डाणाच्या वेळी तापमान दोनेक अंश. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी चौकशी आयोगापुढे त्या रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला, आणि बाहेर काढून सोडला तर तो लगेच पूर्ववत होईना. रिंग फाटावी लागत नाही. वेळेवर उसळली नाही तरी पुरतं.

चहाबाज
शंभर सीसीवरून थेट अवकाशयानावर. धागाकर्ता कुठाय? पेट्रोल हुंगून झोपला का?

खटारावाला
इथेच आहे, वाचतोय. एडमंटनकर, आमच्याकडे फार तर दहा अंश असतात आणि आम्ही त्यालाही मफलर बांधतो. व्हायटॉनला थंडीची भीती नाही बहुधा.

पण दुकानदाराची तपकिरी खरंच व्हायटॉन आहे हे कसं ओळखू? काडी लावून बघू का? वासावरून कळतं म्हणे.

गंधक_आणि_काजळी
जाळू नका. व्हायटॉन फ्लोरिनचं रबर आहे, जाळलं की हायड्रोजन फ्लोराईड निघतो. तो श्वासात जाणं आणि राखेला बोट लावणं, दोन्ही वाईट.

रंगावरही जाऊ नका. रंग म्हणजे कंपाउंडमध्ये टाकलेली पुडी. तपकिरी, हिरवं, काळं, कुठल्याही रंगाचं व्हायटॉन येतं. खरा घोळ वेगळाच आहे: तांबूस-तपकिरी सिलिकॉनची रिंगही कुणी व्हायटॉन म्हणून गळ्यात मारतो. सिलिकॉन ओव्हनला उत्तम, पेट्रोलमध्ये नायट्राईलपेक्षाही वाईट फुगतं.

घरगुती उपाय: एकाच मापाच्या काळी आणि तपकिरी दोन्ही रिंगा घ्या आणि ओळखीच्या सोनाराकडे काट्यावर ठेवा. नायट्राईलच्या कंपाउंडची घनता १.२-१.३ च्या आसपास, व्हायटॉनची १.८ च्या पुढे. म्हणजे तपकिरी जवळजवळ दीडपट भरली पाहिजे. सिलिकॉन असेल तर काळीच्याच आसपास राहील.

निवांत
सोनार: "काय मोडायचंय?" गिऱ्हाईक: "वायसर."

लॅबवाली
अवांतर, पण नायट्राईल म्हटल्यावर आमच्या निळ्या हातमोज्यांबद्दल बोलायलाच हवं. मला नैसर्गिक लॅटेक्सच्या मोज्यांनी मनगटापर्यंत गांधी उठायच्या, त्यातल्या प्रथिनांची ॲलर्जी. नायट्राईलवर आले आणि सुटले. तेल-ग्रीसचं काम असेल तरी हेच बरे.

पण "निळे मोजे घातले, आता काहीही हाताळा" असं नसतं. ॲसिटोन त्यातून बघता बघता आरपार येतो. नव्या मुलीने बाटली सांडली, मोजे तसेच ठेवून पुसत बसली. बोटांना गार वाटायला लागलं तेव्हा ओरडले, "काढ आधी!" मोज्याची बोटं लोंबकळत होती, ओल्या फुग्यासारखी.

घाटावरचा_ड्रायव्हर
म्हणजे ॲसिटोनशी पण समानशील?

लॅबवाली
हो, तोही ध्रुवीय. गंधक साहेबांच्या भाषेत, आतून कडी काढणारा.

गंधक_आणि_काजळी
"साहेब" नको, दादा पुरे. वर्कशॉपात साहेब म्हणजे वसुलीला आलेला.

एक जाता जाता. दुकानात ओ-रिंगा खिळ्याला टांगलेल्या असतात ना, झुपकेच्या झुपके, वर ट्यूबलाइट, शेजारी पंखा? त्यातली घेऊ नका. खिळ्यावर ताण येतो, उजेड आणि हवेतला ओझोन सतत लागत राहतो, आणि नायट्राईल बसण्याआधीच म्हातारं होतं. पिशवीत, अंधारात ठेवलेली मागा. घेतल्यावर थोडी ताणून उजेडात धरा, आडव्या बारीक चिरा दिसल्या की परत.

खटारावाला
मंडळी, अहवाल.

१. जुनी रिंग दोन दिवस पेपरवर ठेवली. आकसली! आता खाचेत बसते, उलट किंचित ओढून बसवावी लागते. पण हात लावल्यावर कळतं, जीव गेलाय तिचा. नखाने दाबली की खड्डा तसाच राहतो आणि वाकवली की बाहेरच्या बाजूला केसासारख्या चिरा.

२. सोनाराने आधी वेड्यात काढलं, मग त्यालाच उत्सुकता वाटली. तपकिरी दीडपटीहून जरा जास्तच भरली. म्हणजे दुकानदार प्रामाणिक. त्याच्या काळ्या रिंगा मात्र खिळ्यालाच टांगलेल्या आहेत, वर पंखा.

आता दादा, निकाल द्या.

गंधक_आणि_काजळी
तपकिरी टाका. पाच रुपयांची काळीही लगेच गळेल असं नाही, कारण ही रिंग खाचेत बसून असते, घासत नाही. चांगल्या कंपाउंडची, पिशवीतली नायट्राईल असती तर मी तीही टाका म्हटलं असतं. पण प्रत्येक वेळी वाटी उघडली की तीच शेवई होणार आणि नवी घ्यावी लागणार. व्हायटॉन या पेट्रोलमध्ये फार फुगत नाही, उघडून परत बसवता येते. वाटीत पेट्रोल सोडणाऱ्या तुमच्या फ्लोटच्या सुईचं टोकही बहुधा व्हायटॉनचंच असेल, हे बाबांना सांगा. म्हणजे गाडीला ते परकं नाही.

काळीला नावं मात्र ठेवू नका. तिला ज्या पेट्रोलसाठी बनवलं होतं त्यात तिने पंचवीस वर्षं काढली.

खटारावाला
बसवली. थेंब नाही. बाबांनी जुनी रिंग पुसून खिळे-चुकांच्या डब्यात टाकली. "असू दे, कामाला येईल."

फक्त एक. आता वरच्या पेट्रोल कॉकमधून थेंब पडतोय. त्यातही रबर असतं का?

गंधक_आणि_काजळी
असतं. चार भोकांचं वायसर. नायट्राईल.

चहाबाज
भाग दोन येऊ द्या.